बाजूला ठेवलेलं फूल

"नाना, हातात काय हाय?"

घाटाच्या शेवटच्या पायरीवर वाकलेले सदानाना दचकले. त्यांच्या हातातला पानाचा द्रोण तोवर पाण्याला टेकला होता. कुणी हटकलं तर माणूस हात मागं घेतं. नानांनी उलट बोटानं द्रोण हलकेच पुढं ढकलला, तो धारेला लागलेला बघितला आणि मग सावकाश पाठ सरळ केली.

"काय न्हाई."

"काय न्हाई ते तरंगत चाललंय की."

"कौसल्ये, तू तुझं काम बघ."

"त्येच बघतीय. परवा सभेत तुमच्याम्होरं ठरलं न्हवं? देवळाचं निर्माल्य पाण्यात टाकायचं न्हाई म्हणून?"

"हे निर्माल्य न्हाई," नाना म्हणाले आणि कळशी भरून पायऱ्या चढायला लागले.

मी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. घाट देवळाचा, हात गुरवाचा, द्रोणात फूल, आणि म्हणे निर्माल्य नाही. दुसरं कुणी असतं तर मी तिथल्या तिथं झाडलं असतं. मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कुणाला चार शब्द सुनवायचे असले की बायका मलाच पुढं करायच्या. पण नानांपुढं माझी जीभ उचलत नसे.

त्याला कारण होतं. माझा नवरा गेला तेव्हा मी तिशीचीही नव्हते. देवळाबाहेर फुलांचं दुकान आमचंच, पण रांडमुंड बाईनं ओवलेला हार देवाला कसा चालेल, अशी कुजबुज सुरू झाली. मीही घरात बसून राहिले. एका सकाळी सदानाना दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, समजूत काढायला आले असतील. तर म्हणाले, "कौसल्ये, देव कवाचा खोळंबलाय. हार कुठाय?" एवढंच. मी उठले आणि सुई हातात घेतली. तेव्हापासून काळेश्वराचा हार माझा.

ही घाटावरची, द्रोणाची गोष्ट तीसएक वर्षांपूर्वीची. आमचं गाव कृष्णेच्या काठी, देऊळ घाटाच्या वरच्या अंगाला. देवाला वाहिलेलं सगळं दुसऱ्या दिवशी नदीत जायचं. फुलं, बेल, हारांचे दोरे, कापराचे कागद, आणि त्या सुमाराला तर सगळं एकत्र बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा. उन्हाळ्यात धार बारीक झाली की यातला बराचसा खच घाटाखाली डोहात कुजत पडायचा. माझा फुलांचा मळा आणि विहीर अगदी त्याला लागून. त्या वर्षी विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. मग गावच्या नळाच्या पाण्यालाही आला, आणि घरोघरी पोरांची पोटं बिघडली. फुलं विकणारी मी, कुजणारी फुलंही माझीच. मला तोंडावर कुणी काही म्हटलं नाही, पण मनाला लागायचं ते लागलंच.

म्हणून देवस्थान कमिटीपुढं मी म्हटलं, देवळामागं खड्डा करू, निर्माल्याचं खत करू, ते देवाच्याच बेलांना घालू. तर सभेत कल्लोळ. शिवाचं निर्माल्य ओलांडायचं नसतं. त्याला पाय लागला तर पाप. गुरवाशिवाय त्याला कुणी हात लावायचा? माळ्याची बाई लावणार का?

तेव्हा नाना उठले होते. म्हणाले, "वलांडायचं न्हाई ना? मग खड्ड्याला कमरंएवढी भित बांधा, म्हंजी कुणी वलांडणार न्हाई. आन् हाताचं म्हणाल तर फूल तिच्याच हातानं देवाकडं आलंय. जाताना तिच्या हाताचा विटाळ कसला?"

 कमिटीचे अध्यक्ष दिनकरराव काटकर यांनी ठराव मांडला आणि झाला. दिनकरराव म्हणजे बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की त्यात बदल नाही. त्यांच्या वडिलांचाही गावात तसाच दरारा होता.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं माझा खड्डा पास करून दिला, त्यानंच तिसऱ्या दिवशी पहाटे गुपचूप नदीत द्रोण सोडावा? मला काही कळेना.

मी कुणाला बोलले नाही. पण गावात गोष्ट किती दिवस झाकून राहणार? धुणं धुवायला आलेल्या बायकांनी पाहिलं. दोघीतिघींनी लगेच आपापल्या घरच्या देवांचं निर्माल्य पुन्हा पाण्यात लोटलं. मी हटकलं तर म्हणाल्या, "गुरव टाकतोय, त्येला इचार." खड्ड्यात पहिला थर पडला होता, त्यावर शेण आणि पालापाचोळा घालून मी रोज हलवत होते. पण टोपल्या दिवसेंदिवस हलक्या येऊ लागल्या आणि डोहात पुन्हा पिशव्या दिसायला लागल्या.

मग एका सकाळी दिनकरराव स्वतः घाटावर आले. नाना द्रोण सोडून वळतात तो हे पुढ्यात.

"नाना, सभेत तुम्हीच बोललात ना?"

"बोललो."

"मग हे काय?"

नानांनी मान खाली घातली. "हे निर्माल्य न्हाई," ते पुन्हा तेच म्हणाले.

"ते लोकांना कोण समजावणार? गुरवच सोडतो म्हटल्यावर मी बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?" दिनकररावांचा आवाज चढला नाही. तो कधी चढतच नसे. "नाना, पिढ्यान्पिढ्या पूजा तुमच्या घराकडं आहे. पण परत असं दिसलं, तर मला ती दुसऱ्याकडं द्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे. नानांची बायको कधीच गेलेली, पोरबाळ नाही. पहाटे उठून देवाला आंघोळ घालायची, एवढ्यासाठी तो माणूस उठत होता. पूजा काढून घेतली तर त्यांनी उठायचं तरी कशाला?

दिनकरराव गेल्यावर मी नानांच्या शेजारी पायरीवर बसले. "नाना, माझ्यासाठी तरी सोडा ह्यो नाद. खड्डा गेला तर जाऊ दे, पण तुमची पूजा जायला नको."

त्यांनी नदीकडं बघितलं. खाली, जिथं ती वळण घेते तिकडं.

"बरं," ते म्हणाले. "न्हाई सोडत."

रोज पहाटे मी नानांना पूजेच्या फुलांची टोपली द्यायची. तगर, पांढरी कण्हेर, शेवंती, बेल. आणि वर पळसाच्या पानात गुंडाळून एक लाल जास्वंद वेगळी. ती वेगळी ठेवायची, हे नानांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलेलं. घरच्या गणपतीला नेत असतील म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टोपली पुढं केली तर त्यांनी ती जास्वंद उचलून माझ्या हातात परत दिली.

"आजपासनं वेगळं नको."

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्यानंतर नाना हळूहळू मिटल्यासारखे झाले. पूजा वेळेवर व्हायची, पण नंतर ते घाटावर जाऊन नुसते बसायचे. एकदा नैवेद्याचा भात करपवला. एकदा मला विचारलं, "पाडळीकडं कुणी जाणारं हाय का गं?" मी म्हटलं, "बघते, काय निरोप द्यायचाय?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

पाडळी म्हणजे नदीनं दोन वळणं खाली. तिथं नानांची थोरली बहीण, तानूअक्का, दिलेली होती. आणि त्या दोघांचा अबोला होता, हे गावातल्या मोठ्यांना ठाऊक होतं. मी तेव्हा नवी सून होते, मला डोळ्यादेखतचं आठवतं. त्यांची आई गेली ती श्रावणातल्या सोमवारी, पहाटे. आमच्याकडं गावात प्रेत असलं की ते हलेपर्यंत देवाची पूजा होत नाही. देवळात दर्शनाला ही गर्दी. घरात सुतक, म्हणून पूजेला पलीकडच्या गावचा गुरव आणून बसवलेला. पाडळीला सायकलवर माणूस धाडला होता, पण ओढ्याला पाणी. नाना म्हणत होते, अक्काला येऊ द्या. आणि थोरले काटकर, म्हणजे दिनकररावांचे वडील, दारात उभे राहून म्हणत होते, "सदा, देव पारोसा बसलाय. किती वेळ ठेवायचा?" शेवटी उचलली. अक्का चिखलातनं पोहोचल्या तेव्हा चिता विझत आली होती. त्या रडल्या नाहीत. भावाला एवढंच म्हणाल्या, "तू मेलास तरी मला असंच कळंल." आणि आल्या पावली परत फिरल्या. त्यानंतर भाऊबीज नाही, निरोप नाही, काही नाही.

नानांनी द्रोण सोडणं बंद केलं त्याला आठवडा झाला असेल, आणि ते बघून बायकांनीही पाण्यात टाकणं थांबवलं होतं. सकाळची पूजा चालली होती. मी दुकानात हार ओवत होते आणि दिनकरराव सभामंडपात कुणाशी तरी बोलत होते. इतक्यात दुधाची गाडी वेशीत थांबली आणि तिथूनच हंबरडा ऐकू आला. सुई माझ्या बोटात घुसली.

एक म्हातारी, नऊवारीचा पदर तोंडात धरलेला, काखेत गाठोडं, पायांत धड बळ नाही तरी पळत येत होती. "माझा सद्या गं... माझा पाठचा गेला गं... मला न्हाई सांगितलं कुणी गं..." मी उठून धावले आणि तिला धरलं. ती मला ढकलून देवळाच्या पायरीवर कोसळली. माणसं गोळा झाली. 

गाभाऱ्यातून नाना बाहेर आले. ओलं सोवळं, हातात तांब्या, कपाळावर भस्म.

म्हातारीनं, म्हणजे तानूअक्कांनीच, मान वर केली. हंबरडा अर्ध्यात थांबला. त्यांनी भावाकडं पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, डोळे पुसून परत बघितलं, आणि असा आवाज काढला की देवळावरचे पारवे उडाले.

"मुडद्या, जित्ता हाईस व्हय रं!"

नानांच्या हातातला तांब्या कलंडला. कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांना पाणीही. नाना खाली उतरले आणि बहिणीच्या समोर पायरीवर बसले. किती वर्षांनी दोघं एकमेकांना बघत होते.  मी पाणी आणून दिलं, ते अक्का घटाघटा प्याल्या.

"फूल का थांबलं?" त्यांनी विचारलं.

नाना पुढं वाकले. "तुला... घावत हुतं?"

"न घावायला काय झालं? रोज घाटावर बसतीय न्हवं. पुराचं दिस सोडलं तर येक दिस चुकला न्हाई. आईगत दुहेरी काडी लावून द्रोण टोचणारं दुसरं कोन हाय ह्या नदीवर?"

"मला वाटलं, तू बघत बी नसशील."

"मग सोडत कशाला हुतास?"

"तू म्हनली हुतीस, मेलो तरी येळंवर कळायचं न्हाई. म्हनून. रोज फूल दिसलं, म्हंजी सद्या हाय."

म्हणजे बघा. हा वर्षानुवर्षं सोडत होता, ती बघते की नाही हे माहीत नसताना. आणि ती वर्षानुवर्षं बघत होती, हे त्याला कळू न देता. मी तिथंच फतकल मारून बसले.

अक्कांना आता जोर चढला होता. "आन् ते येक फूल हुडकायला मला काय काय उपसाया लागायचं म्हाईत हाय? तुमच्या देवळाची समदी घाण माझ्या घाटावर! गुडघाभर पान्यात हुबी ऱ्हायाची, पिशव्या बाजूला सारायची, कुजल्या हारांचं दोरं पायात गुतायचं. त्यात तुझा द्रोण. मागल्या पंधरवड्यात पानी कसं निवळत चाललं हुतं. द्रोण लांबनंच लाल दिसायचा. म्हनलं, देव पावला. तर आठ दिस झालं, पानी लख्ख आन् द्रोणच न्हाई. मग दुसरं काय समजायचं मी?"

दिनकरराव एव्हाना पायरीजवळ येऊन उभे होते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. घसा साफ करत ते म्हणाले, "नाना, मला सांगायचं तरी होतं. बहिणीसाठी म्हटल्यावर मी काय... पण नियम एकाला मोडू दिला तर..."

"नियम मी मोडला न्हाई, दिनकरराव," नाना म्हणाले. "मी दोनदा सांगितलं, ते निर्माल्य न्हाई."

"अहो, देवाचं उतरलेलं फूल म्हणजे निर्माल्यच ना?"

"देवाचं उतरलेलं न्हवतंच ते. कौसल्येला इचारा. ती मला रोज येक जास्वंद वेगळी द्यायची. आपल्यात महादेवाला लाल जास्वंद वाहत्यात का?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. रोज फुलं हाताळणारी मी, इतक्या वर्षांत ही एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

नाना आता दिनकररावांकडं बघत नव्हते. ते अक्कांशी बोलत होते. "घाटावर जाताना देव पारोसाच असायचा. आदी तुझा द्रोण सोडायचा, मग कळशी भरायची, मग देवाची आंघोळ." त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. "त्या दिशी देवाला आदी केलं, अक्का. आन् तुला मागं ठेवलं. ते काय मला परत फिरवता येत न्हाई. पर सुतक फिटलं त्या दिसापासनं फूल आदी तुला. देवाला नंतर."

 अक्कांनी हात पुढं केला आणि भावाच्या कपाळावरचं भस्म, घामानं ओघळलेलं, पदरानं पुसलं. दिनकररावांनी मान फिरवली. दारात उभं राहून घाई करणारे त्यांचेच वडील होते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग ते म्हणाले, "फूल चालू राहू दे, नाना," आणि निघून गेले.

मग अक्कांना काखेतल्या गाठोड्याची आठवण झाली. ते सोडलं तर आत पिठलं आणि भाकरी. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातलग जे रांधून आणतात ना, तेच.

"तुझ्या नावानं केलं हुतं," अक्का म्हणाल्या. "आता तूच खा."

नानांनी पूजा उरकली. मग देवळामागं, माझ्या खड्ड्याच्या भिंतीला टेकून दोघा भावंडांनी ते पिठलं खाल्लं. मलाही बळंच बसवलं. इतकं चवीचं पिठलं मी जन्मात खाल्लं नाही, आणि ते कशासाठी केलेलं होतं ते आठवून मी दर घासाला हसत होते. जाताना अक्कांनी खड्ड्यात वाकून बघितलं, काळं पडत चाललेलं मूठभर खत उचलून हुंगलं आणि म्हणाल्या, "हे बरं हाय. आमच्या वाडीवाल्यांनाबी सांगते."

त्यानंतर गावात कुणी नदीत काही टाकलं नाही. अक्कांना उपसावी लागणाऱ्या घाणीबद्दल ऐकून बायकाच पुढं आल्या. रोज पहाटे कृष्णेवरून एकच द्रोण जायचा, लाल जास्वंदीचा. जास्वंद पूर्वी मी टोपलीत शेवटी ठेवायची, आता सगळ्यात आधी तीच तोडू लागले. भाऊबीज पुन्हा सुरू झाली. देवळामागची बेलाची रोपं त्या खतावर माझ्या डोक्याच्या वर गेली.

बरीच वर्षं गेली. सोमवारची सकाळ होती, देवळाबाहेर रांग लागलेली. मी टोपली घेऊन आले, नाना घाटाकडं निघाले होते, तेवढ्यात पाडळीचा माणूस मोटारसायकलवर आला. अक्कांचं काही खरं नाही म्हणाला. नानांनी कळशी पायरीवर ठेवली. माझ्या टोपलीतली जास्वंद उचलली, द्रोण न करता तशीच मुठीत धरली आणि त्या माणसाच्या मागं बसून गेले. ते वेळेवर पोहोचले. अक्कांनी त्यांना ओळखलं, आणि फूल आज हातानं आलं का, असं विचारलं, हे नानांनीच मला नंतर सांगितलं.

इकडं ऊन वर आलं. रांगेत चुळबुळ सुरू झाली. परगावचे लोक विचारू लागले, दार कधी उघडणार, अभिषेकाचं काय, देव अजून पारोसाच आहे का?

दिनकरराव काठी टेकत आले आणि देवळाच्या बंद दाराला पाठ लावून उभे राहिले.

"देव पारोसा आहे, माहितेय मला," ते म्हणाले. "असू दे. गुरव बहिणीकडं गेलाय."

मग त्यांनी मला खूण केली. मी रांगेतल्या लोकांना पाणी द्यायला लागले, आणि दुपार होईपर्यंत सगळे थांबले.